डोंगराच्या पैशाची खोली

आमच्या खडकाणे गावाला देवाने एक डोंगर दिला आणि तो उचलून न्यायला सरकारने ठेकेदार दिला. सडक रुंद करायचं काम निघालं तेव्हापासून, म्हणजे सहासष्ट सालापासून, डोंगर रोज थोडा थोडा ट्रकमध्ये बसून गाव सोडत होता. गाव नाल्याच्या पलीकडे. तिकडे सुरुंगाचा नुसता आवाज जायचा. दगड यायचे ते आमच्या वस्तीवर, कारण वस्ती अगदी डोंगराच्या पायथ्याशी. साडेअकराची शिट्टी झाली की बाया पोरांना ओढून खाटेखाली घालायच्या आणि आवाज थांबला की पत्र्याला किती भोकं पडली ते बघायला बाहेर यायच्या.

ठेकेदार दगडामागे सरकारला रॉयल्टी भरायचा आणि ज्या गावचा डोंगर, त्या गावाला तिच्यातला हिस्सा परत मिळायचा. त्याला आमच्याकडे ‘डोंगरना पैसा’ म्हणत. त्यातून वस्तीजवळ औषधोपचाराची खोली बांधायची असं ग्रामपंचायतीत ठरलं होतं. खोली उभी राहिली की धुळ्याहून दर मंगळवारी नर्स येणार, असंही ठरलं होतं. ठरलं तेव्हा मी हजर होतो. मी आधार, राखीव जागेवरचा मेंबर, मॅट्रिक पास, धंदा शिवणकामाचा. पारसमल शेठच्या दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन असायचं. ओट्याचं भाडं महिना दोन रुपये आणि शेठच्या घरातली घागरे-पोलकी फुकट शिवून.

खोली मागितली होती ती माझ्या बहिणीमुळे. केसरअक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि खाण सुरू झाली तशी खडी फोडायला जाऊ लागली. सदुसष्ट सालच्या पौषात हातोडीखालचा कपचा उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यात शिरला. मुकादमाने पाण्याने धू म्हणून सांगितलं. गावात डॉक्टर नाही, नर्स नाही, बस दुसऱ्या दिवशी सकाळी. धुळ्याला पोचेपर्यंत डोळा गेला होता. डॉक्टर म्हणाले, कालच्या काल कोणी नीट स्वच्छ करून पट्टी बांधली असती तर वाचला असता. हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही. अक्का मात्र महिनाभराने उरलेला एक डोळा घेऊन पुन्हा खाणीवर गेली, कारण पोटाला दोनच डोळे लागतात असं काही नाही.

दोन वर्षं झाली, तरी खोलीचा पत्ता नाही. सरपंच जीवराम नानांना विचारलं की म्हणायचे, “आधार, सरकारी काम शे, घाई करीसन चालत नही.” मग अक्काचा उजवा डोळा लाल राहायला लागला. खाणीची धूळ बसायची, रात्री पाणी गळायचं, सकाळी पापण्या चिकटलेल्या. मी धुळ्याच्या ऑफिसात गेलो आणि तिथल्या कारकुनाला आमची खोली कधी होणार ते विचारलं. त्याने फाईल काढली, चष्मा पुसला आणि म्हणाला, “कधी होणार म्हणजे? झाली की. दोन वर्षांपूर्वीच झाली. खर्च पडला, दाखला आहे, खाली मेंबरांच्या सह्या आहेत.”

सह्यांमध्ये चौथी सही माझी होती.

ती कुठे केली तेही मला त्या क्षणी आठवलं. ओट्यावर बसून मी एका पोलक्याला काज करत होतो. ग्रामसेवक सायकलवरून आला, रजिस्टर पुढे धरलं, “मेंबर, मागच्या सभेची हजेरी राहिली तुमची,” म्हणाला. मी सुई दातात धरली आणि सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मॅट्रिक पास माणूस! मेंबर म्हणवून घ्यायला छाती फुगायची आणि वाचायची वेळ आली तेव्हा सुई दातात. स्वतःचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. नर्स का पाठवली नाही, हे विचारल्यावर कारकून म्हणाला, गावाकडून तशी मागणीच आली नाही. येईल कशी? मागितली असती तर नाना तिला बसवणार कुठे?

घरी आलो तो अर्ज लिहायला बसलो. फिरवून फिरवून नाही लिहिलं. ‘आमच्या डोंगराच्या पैशातून बांधलेली खोली आम्हांस दिसत नाही, तरी साहेबांनी जागेवर येऊन ती आम्हांस दाखवावी.’ खाली त्रेसष्ट अंगठे. अंगठा देताना प्रत्येकाला अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. महिनाभराने उत्तर आलं. अमुक तारखेला साहेब प्रत्यक्ष पाहणीस येतील.

त्या दिवसापासून वस्तीत लगीनघाई उडाली. आमच्या वस्तीत साहेब आजवर आलाच नव्हता. जे कोणी यायचे ते गावच्या चावडीत बसायचे, नानांच्या मळ्यात भरीत-पुरी खायचे आणि आमच्याकडे लांबून बोट दाखवून निघून जायचे. आता साहेब स्वतः येणार आणि आमच्याच अर्जावरून येणार. सभा भरली. मी म्हणालो, वस्ती आरशासारखी दिसली पाहिजे. घाणेरडे लोक म्हणून नाक मुरडायची संधी कोणालाच द्यायची नाही.

अक्का एकटीच विरोधात होती. “आधार, साहेबले जशी शे तशी वस्ती दखाड. आपुन काय लगीन मांडेल शे का?”

मी तिला गप्प केलं. म्हणालो, “अक्का, तुला यातलं कळत नाही.”

साहेबाला बसवायचं कुठे? वस्तीत धड एकच जागा होती, आमचा विहार. बारा बाय पंधराची खोली, पण दगडी. ती बांधायला आम्हाला तीन पावसाळे लागले होते. खाणीवरून परतताना प्रत्येक बाईने रोज एक टाकाऊ दगड डोक्यावर आणायचा, असा वस्तीचा नेम होता. सुपडू आबा गवंडी, त्यांनी फुकट भिंती चढवल्या. पत्रे वर्गणीचे. आत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एक सतरंजी. पौर्णिमेला वंदना, एरवी पोरं अभ्यासाला बसायची. देवळाच्या पायरीवर ज्यांना उभं राहू दिलं नाही, त्यांनी स्वतःच्या डोक्यावर आणलेली ती खोली होती.

पारसमल शेठकडून चुना आणला. बायकांनी जमीन सारवली, पोरांनी भिंती रंगवल्या. चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून दोन्ही फोटो धुतलेल्या धोतरात गुंडाळून अक्काच्या घरी नेऊन ठेवले. भिंती ओल्या होत्या, तेव्हा साहेब जाईपर्यंत फोटो तिथेच राहू द्यायचे ठरलं.

आदल्या संध्याकाळी जीवराम नाना स्वतः वस्तीत आले. खोली पाहिली, मान डोलावली. “फोटो कोठे गयात रे?” मी कौतुकाने सगळं सांगितलं. नाना म्हणाले, “वा! पन साहेब बठी कोठे? सतरंजीवर?” आणि तासाभरात ग्रामपंचायतीचं टेबल आणि दोन खुर्च्या गाडीतून पाठवून दिल्या. मला वाटलं, माणूस घाबरला, आता गोडीगुलाबीने घेतोय. मी अक्काला सांगितलंसुद्धा, “बघ, अर्जाचा दणका!”

दुसऱ्या दिवशी मी हार घेऊन सडकेच्या फाट्यावर उभा राहिलो. साहेब तिथूनच येणार, असं ग्रामसेवकाने सांगितलं होतं. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला एक पोरगी धापा टाकत आली आणि म्हणाली, जीप केव्हाची वस्तीत उभी आहे, खाणीच्या वाटेने आली. मी हार खांद्यावर टाकून पळालो.

पोचलो तेव्हा साहेब विहारात टेबलापाशी बसून लिहीत होते. टेबलाच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत ‘ग्रा. पं. खडकाणे’. शेजारी स्वच्छ पाण्याची घागर, वर उपडा पेला. भिंती पांढऱ्याफेक. दुसऱ्या खुर्चीत नाना आणि दारात चहाची कपबशी घेऊन अक्का. साहेब तिच्याशी मोठ्या आपुलकीने बोलत होते.

“बाई, ही खोली बांधून किती दिवस झाले?”

“दोन साल व्हयनात, साहेब.”

“काम पक्कं आहे?”

“भीतले हात लायी देखा ना.”

“आणि उपयोग होतो का तुम्हाला?”

“व्हस ना! बठ्ठी वस्तीले व्हस.”

अक्का कधी नव्हे ती हसत होती. तिच्या डोक्यावरून आलेल्या दगडांचं एक सरकारी माणूस कौतुक करत होता, ती का हसणार नाही? साहेबांना ती खोली औषधाची म्हणून दाखवलीय, हे तिला कोण सांगणार होतं?

मी आत घुसलो. “साहेब, ही ती खोली नाही! हा आमचा विहार आहे. आम्ही बांधलाय.”

साहेबांनी माझ्याकडे, मग खांद्यावरच्या हाराकडे पाहिलं. “विहार? मग मूर्ती कुठे आहे? फोटो कुठे आहे?”

“आणतो साहेब, फोटो घरी आहेत.”

नाना नुसते हसले. “आता आणून लावतील, साहेब. बघाच तुम्ही.”

तोवर अक्का आणि आणखी दोघी धावत जाऊन फोटो घेऊन आल्याच. नाना म्हणाले तसंच झालं! चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण इथे चोर खुर्चीत होता आणि आम्ही धोतरात फोटो गुंडाळून त्याचीच साक्ष देत होतो. साहेब मात्र सज्जन. ते उठून उभे राहिले, दोन्ही फोटोंना हात जोडले आणि म्हणाले, “फोटो लावायला माझी काही हरकत नाही. फक्त सरकारी इमारतीत लावायचे तर रीतसर परवानगी घ्या.”

सुपडू आबा दारातून ओरडले, “साहेब, हाऊ एकेक दगड मी बठाडेल शे!” त्यावर नाना शांतपणे म्हणाले, “बरोबर शे. काम सुपडूलेच देयेल व्हतं.” मग सगळी वस्ती एकदम बोलायला लागली. बायका रडून सांगत होत्या, पोरं ओरडत होती. “एकेकाने बोला, एकेकाने,” असं साहेबांनी दोनदा म्हटलं, घड्याळ पाहिलं आणि कागद बॅगेत घातले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्यासारख्या शिकलेल्या तरुणांनी चांगल्या कामात खोडा घालू नये.” जीप नानांच्या मळ्याकडे वळली. तिथे वांग्याचं भरीत तयार होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वस्ती होती तशी ठेवली असती, तर साहेबाला पडकी घरं, भोकांचे पत्रे आणि भिंतीवर फोटो दिसले असते. आम्हीच चोरासाठी खोली रंगवली, सारवली, फोटो काढून मोकळी करून दिली. आणि का? तर साहेबाने आम्हाला स्वच्छ म्हणावं! त्या एका शब्दाची भूक इतकी होती की तिच्यापुढे माझी अक्कल चालली नाही.

महिन्याभरात दोन गोष्टी आल्या. एक पत्र आलं, ‘तक्रार बिनबुडाची आढळली. खोली सुस्थितीत आहे.’ आणि पुढच्याच मंगळवारी सकाळच्या बसने नर्स आली.

होय, खरोखरीची नर्स. खोली आहे असं साहेबांनीच लिहिल्यावर ऑफिसला ती पाठवावीच लागली. वीस-बावीस वर्षांची, अमळनेरकडची मुलगी, हातात औषधांची पेटी. नाना तिला घेऊन आले आणि बरोबर गावचा सुतार आला. त्याने विहाराच्या दारावर पत्र्याची पाटी ठोकली, ‘औषधोपचार खोली, ग्रामपंचायत खडकाणे’. फोटो आतच होते. नाना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या फोटो. मना काय विरोध नही.” आमच्याच घरात आम्हाला राहायची परवानगी मिळत होती!

आता खरी गंमत ऐका. पाटी उपटायला माझा हात उठला आणि तिथेच थांबला. अक्काचा उजवा डोळा त्या आठवड्यात पार सुजला होता. तिला माणूस दिसायचा, पण चेहरा ओळखू यायचा नाही. आणि तीन हातांवर पेटी होती, पेटीत औषध होतं, औषध लावणारे स्वच्छ हात होते. बाहेर पंचवीस-तीस जणांची रांग लागली. कोणाचं बोट चेचलेलं, कोणाचं पोर तापलेलं. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. रांगेत पहिली अक्का, कारण मीच तिचा दंड धरून तिला पुढे उभी केली होती.

नर्सने तिची पापणी उघडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. “किती दिवस झाले हो? रोज धुवावं लागेल. मी मलम देते, पण पुढच्या मंगळवारी नक्की या. हा डोळा जपायला हवा.” मग तिने रजिस्टर पुढे केलं. “आधी इथे अंगठा द्या.”

अक्काने शाईच्या डबीकडे हात नेला आणि थांबली. “आधार, वर काय लिखेल शे, वाचीसन सांग.”

मी वाचलं. वाचायला नको होतं, पण तिच्यासमोर खोटं वाचणं जमलं नाही. ‘शासकीय औषधोपचार खोली, खडकाणे, येथे उपचार घेतलेल्या रुग्णांची नोंद.’

“म्हंजे मी अंगठा दिना ते खोली त्यासनी व्हई जाई.”

“अक्का, खोलीचं नंतर बघू. आपण पुन्हा अर्ज करू, मुंबईपर्यंत जाऊ. आधी अंगठा दे.” एवढी वस्ती पेटवलेला मी तिथे भिकाऱ्यासारखा तिला विनवत होतो. “डोळा जाईल, अक्का!”

तिने हात मागे घेतला. नर्सला म्हणाली, “बाई, तुमी मना घरमा बठा. सारेल शे, सोच्छ शे. तठे कागदवर मनं घर लिखा, मी दहा अंगठा देसू.”

नर्स रडवेली झाली. “मला तसं लिहिता येत नाही हो. खोली नेमून दिलीय. अंगठ्याशिवाय औषध दिलं तर हिशोब माझ्या अंगावर येईल.” तिचा काय दोष? ज्यांचा दोष, ते बाहेर बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

अक्का खोलीतून बाहेर आली. तिच्या मागचा माणूस पुढे सरकला नाही. चेचलेलं बोट धरून तो तसाच रांगेतून बाजूला झाला. मग त्याच्या मागची बाई, कडेवरच्या तापलेल्या पोरासकट. कोणी घोषणा दिली नाही, कोणी नानांकडे पाहिलंही नाही. पाच-सात मिनिटांत अंगण रिकामं झालं. नर्स दुपारच्या बसपर्यंत कोऱ्या रजिस्टरसमोर बसून होती.

नाना उठून ओरडले, “मग मरा! औषध दारशी उनं ते लाथ मारतस. ही जातच अशी शे.”

त्यांच्या अंगावर मी धावून गेलो नाही याची मला आजही लाज वाटते. मला अक्काला धुळ्याला न्यायचं होतं. शिवायला आलेले कपडे पारसमल शेठकडे टाकले, भाड्यापुरते पैसे त्याच्याकडून घेतले आणि अक्काचा हात धरून फाट्याकडे निघालो. बस तिथेच थांबायची. दीड मैल चालायचं होतं. उन्हाने तिचा डोळा उघडत नव्हता, म्हणून तिने पदर पुढे ओढला होता आणि माझ्या मागोमाग चाचपडत चालत होती. अर्ध्या वाटेवर माझा तोल सुटला. एवढा अंगठा दिला असता तर काय बिघडलं असतं, सगळ्या जगाचा मक्ता तूच घेतलायस का, दुसरा डोळाही असाच घालवणार का, असं मी तोंडाला येईल ते बोललो. नानांवर काढायचा राग सगळा तिच्यावर काढला.

ती चालायची थांबली नाही. पदराआडून म्हणाली, “डोया मना शे, भाऊ. तो गया ते मना जाई. खोली मनी एकलीनी शे का?”